अंगठ्याखालचा खळगा

अचलपूर तालुक्यात, मेळघाटाचा डोंगर जिथून चढायला लागतो, तिथल्या एका अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. सेविकेनं दीड वर्षाच्या लेकराचं वजन घेतलं, लांबी मोजली, दोन्ही आकडे मोबाइलमध्ये भरले. पडद्यावर हिरवा रंग आला. आई लेकराला उचलून निघाली, तेव्हा अकोल्याहून आलेली प्रशिक्षिका म्हणाली, "थांबा जरा, याचे पाय पाहू द्या."

तिनं लेकराची दोन्ही पावलं आपल्या मांडीवर घेतली. वरच्या बाजूला अंगठे टेकवले, दाबले, मनात तीन सेकंद मोजले आणि अंगठे काढले. उजव्या पावलावर खळगा पडला होता. डाव्या पावलावरही. कातडी वर यायला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ खोलीत कुणी काही बोललं नाही.

कुपोषणाची ही सूज फसवी असते. अंगात पाणी साठतं, गाल भरल्यासारखे दिसतात आणि तराजू त्या पाण्याचंही वजन दाखवतो. म्हणून दोन्ही पावलांवर अशी सूज असली, तर वजन कितीही भरो, लेकरू सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषितांत धरायचं आणि रुग्णालयात पाठवायचं, असा नियम आहे. सेविकेला हा नियम पाठ होता. सुजेचा व्हिडिओ तिनं पाहिला होता, त्याखालची चाचणीही ती पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाली होती. लेकरू आईसोबत रुग्णालयाकडे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "पाह्यलं होतं मॅडम म्या. पण किती जोरानं दाबायचं ते समजलंच नाही. लेकराले लागन म्हणून भेव वाटे."

किती जोरानं. प्रशिक्षिका तो व्हिडिओ कित्येक बैठकांत दाखवत आली होती आणि हा प्रश्न तिच्या कधी मनातही आला नव्हता. पडद्यावर अंगठा दिसतो, पाऊल दिसतं, खळगाही दिसतो. दाब मात्र दिसत नाही. त्या दुपारी तिनं सेविकेचा हात हातात घेतला, मनगटाच्या वर आपला अंगठा टेकवला आणि दाबून दाखवलं: "एवढा." मग सेविकेनं तिचा हात दाबला. पहिल्यांदा फार हलका, दुसऱ्यांदा फार जोराचा, तिसऱ्यांदा बरोबर.

याचा अर्थ मोबाइल वाईट, असा कुणी काढू नये. सेविकांच्या डोक्यावर पूर्वी अकरा रजिस्टरांचं ओझं होतं. एकाच लेकराचं नाव वेगवेगळ्या वह्यांत लिहायचं, महिनाअखेर बेरजा जुळवायच्या. 1 मार्च 2021ला पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. आता वजन आणि उंची भरली की लेकरू कोणत्या श्रेणीत बसतं ते ॲपच सांगतं, तक्ता उलगडून बोटानं रेघ शोधावी लागत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. तेव्हाही त्यांची मागणी वह्या परत द्या अशी नव्हती. चालणारा फोन द्या आणि मराठीतलं ॲप द्या, अशी होती. हत्यार नीट असावं, हे कोणताही कारागीर म्हणेल. याच मेळघाटातलं हरिसाल 2016मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. इथल्या माणसाला तंत्रज्ञानाचं वावडं नाही.

प्रश्न आहे तो आकडा ॲपमध्ये जाण्याच्या आधीचा.

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात. त्याला दोन माणसं लागतात. एकीनं डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ छताकडे. दुसरीनं एका हातानं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हातानं सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळ रडतं, अंग आक्रसतं, मदतनीस चुलीवरची खिचडी पाहायला गेलेली असते. गुडघा जरासा वाकलेला राहिला की लांबी कमी भरते, आणि त्या कमी लांबीच्या मानानं वजन पुरेसं दिसतं. म्हणजे वाळलेलं लेकरू पडद्यावर साधारण होऊन जातं. ॲपचं गणित चोख असतं; चूक गुडघ्यात असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2006मध्ये प्रसिद्ध केलेली वाढीची मानकं आज देशभर वापरली जातात. त्यांच्यासाठी भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत मुलं मोजली गेली. तिथल्या कसलेल्या मापकांपैकीही एकट्यावर कुणी विसंबलं नव्हतं. दोघांनी एकाच बाळाला स्वतंत्रपणे मोजायचं आणि लांबीत सात मिलिमीटरांहून अधिक फरक आला तर पुन्हा मोजायचं, अशी शिस्त होती. प्रशिक्षिकेला ही गोष्ट कळली तेव्हापासून तिनं बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत तेच सुरू केलं. दोन सेविका, एक बाळ, दोन कागद. कागद उलगडताना सगळ्या हसतात, कारण पहिल्या फेरीत फरक सातच्या बराच पुढे असतो. मग कुणाचा हात कुठे होता यावर बोलणं सुरू होतं. त्या बोलण्यात प्रशिक्षिकेला जे कळतं, ते चाचणीच्या गुणांतून कधी कळलं नव्हतं: कुणाला डोळ्याच्या रेषेत आकडा वाचता येत नाही, कुणाला चष्मा लागलाय, कुणाला आईसमोर बाळाचा गुडघा दाबायचा संकोच वाटतो.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं मैदान 1914पासून मुलं घडवत आलंय. मल्लखांबावर चढलेल्या पोराची पकड चुकली की वस्ताद खालून सांगतोच, पण शेवटी हात लावून पाय जागेवर आणून देतो. शरीराला शिकवायचं तर शरीरानंच शिकवावं लागतं. हे वऱ्हाडाला नव्यानं सांगायची गरज नाही.

प्रशिक्षिकेचं माहेर मूर्तिजापूरकडचं, घरी कपाशी. 2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली तेव्हाची एक गोष्ट तिच्या मनात घर करून आहे. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि ती शिरली ते छिद्र पुढे बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. त्याचा फोटो काढून कुणाला पाठवला तर तो काय सांगणार? म्हणून शेतीशाळेत सांगतात: शेतात फिरून वीस बोंडं तोडा आणि फोडून पाहा. दोनांत अळी किंवा तिची खूण सापडली की फवारणीचा विचार करायची वेळ झाली. क्रॉपसॅपसारख्या कीड-निरीक्षणाच्या प्रकल्पात ही निरीक्षणं मोबाइलवर भरली जातात, त्यातून सल्ला निघतो, आणि तो वेळेवर मिळाला तर फार कामाचा असतो. पण त्या सगळ्याच्या मुळाशी बोंड फोडणारी दोन बोटं असतात. शेतीशाळेची ही रीत 1989मध्ये इंडोनेशियातल्या भातशेतीत रुजली. तिथेही वर्ग भरायचा तो बांधावर. हिरवं बोंड आणि हिरवा पडदा, दोन्ही एकदा उघडून पाहावेत, हे प्रशिक्षिकेला बापाच्या वावरानं आधीच शिकवलं होतं.

तिनं व्हिडिओ सोडले नाहीत. आता ती ते बैठकीच्या आठवडाभर आधीच ग्रुपवर टाकते. सेविका घरी, रात्री भाकरी झाल्यावर, पाहिजे तितक्यांदा पाहतात. पूर्वी प्रोजेक्टर लावण्यात आणि लाइट येण्याची वाट पाहण्यात जो अर्धा दिवस जायचा, तो आता हातांच्या कामाला मिळतो. पिशवीत ती कणीक घेऊन जाते. कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो: सूज अशी. मग स्वतःच्या पावलावर दाबायचं. कातडी लगेच वर येते: निरोगी पाऊल असं. स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बायकांना हे एकदा दाखवलं की पुरतं. घरी गेल्यावर कुणी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते: "मॅडम, एका पोरीचा एकच पाय सुजला हाये, काय समजू?" एकाच पायाची सूज कुपोषणाची नव्हे, तिथे लागलंय की गळू झालंय ते पाहून डॉक्टरांकडे न्या, असं उत्तर ती आवाजातच देते. टाइप केलेल्या वाक्यात भीती ऐकू येत नाही, आवाजात येते. फोनचा हा उपयोग तिला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

वर धारणीकडे गेलं की आणखी एक पायरी लागते. कोरकू ही मराठीची बहीण नव्हे. तिचं नातं दूर झारखंडातल्या मुंडारी आणि संथालीशी आहे. ॲप मराठीत आलं तरी आईला लेकराच्या पावलाबद्दल सांगायचं ते कोरकूतच. तिथे प्रशिक्षिकेची भाषा थिटी पडते आणि गावातली सेविका शिक्षिका होते.

मागच्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या एका पाड्यावर असंच झालं. रेंज नव्हती, आकडे मोबाइलमध्ये साठवून ठेवले होते. लेकराच्या पावलांवर खळगा नव्हता, पण दंडघेराची पट्टी पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषणात, होती. सेविकेनं आईला जवळ बसवलं, तिचा अंगठा धरून लेकराच्या पावलावर ठेवला आणि कोरकूत काहीतरी सांगितलं. आईनं दाबलं. दोघींनी मिळून तीन मोजले. मग आईनं अंगठा उचलला आणि वाकून, अगदी जवळून, त्या जागेकडे पाहत राहिली.