गोवा : पाहायला आणि राहायला

आमच्या आजरा तालुक्यात गोवा पाहिला नाही असा तरुण शोधूनही सापडायचा नाही. आंबोलीचा घाट उतरला, सावंतवाडी आणि बांदा मागे टाकले, की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. सुगी संपली की चारसहा मित्र मिळून गाडी ठरवतात. दोन दिवस समुद्रात डुंबतात, मासे खातात, मंगेशीचे देऊळ आणि जुन्या गोव्याची चर्चे पाहतात. परत येताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "राहावे तर गोव्यात!"

इतर घरांत हे वाक्य हसण्यावारी जाते. माझ्या बहिणीच्या घरात मात्र त्याने झोप उडवली. तिचा मुलगा आठ वर्षे कळंगुटला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. हाताला चव आहे, निर्व्यसनी आहे. यंदा शिमग्याला घरी आला आणि म्हणाला, "आई, आपल्या तीन एकरांतला एक एकर विकूया. म्हापशाजवळ दोन खोल्या घेतो. कायमचा तिकडचाच होतो."

जो एकर विकायचा म्हणत होता, तो घनसाळ भाताचा. भाताला फूल आले की वाटेने जाणाऱ्यालाही वास यावा, अशी ती जमीन. पण मुलाचेही अगदीच चूक म्हणता येत नव्हते. तो एकोणतीस वर्षांचा झाला आहे. "शेती करतो" म्हटले की मुलीकडची मंडळी चहा पिऊन उठतात. "गोव्यात स्वतःच्या दोन खोल्या आहेत" म्हटले, तर बसतील. हे दुखणे आज घरोघर आहे. वाचकांना ते वेगळे सांगायला नको.

बहिणीने मला बोलावून घेतले. म्हणाली, "दादा, तू जाऊन ये. पर नुसतं बघून येऊ नकोस. ऱ्हाऊन ये."

त्या एका शब्दासाठी मी डिसेंबरात न जाता जुलैत गेलो आणि तीन आठवडे राहिलो.

बंद पडलेला बाजार

पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी हातात शस्त्र न घेता हद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. गोवा मुक्त झाला तो पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी. बसमधूनच हात जोडले आणि पुढे निघालो.

पावसाचे आम्हाला नवल नाही. आंबोलीच्या पायथ्याला आणि माथ्याला राहणाऱ्यांना पाऊस काय सांगावा! गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण आमच्याकडचा गारवा तिथे नाही. पाऊस कोसळत असतो आणि अंगाला घाम असतो. भाचा आणि त्याचे दोन सोबती ज्या खोलीत राहतात, तिथे दोरीवरचे कपडे चार चार दिवस वाळत नव्हते. चामड्याच्या चपलेवर बुरशी धरली होती. खारट वाऱ्याने खिडकीचे गज गंजून त्यांचे पापुद्रे सुटत होते. मी घरून आणलेला विळादेखील आठवड्यात तांबडा झाला.

दुसऱ्या दिवशी कळंगुटचा किनारा पाहिला. जिथे डिसेंबरात मुंगीला वाट मिळत नव्हती, तिथे लाल बावटे रोवलेले होते आणि जीवरक्षक पोरे कोणालाही पाण्यात उतरू देत नव्हती. वाळूवरच्या खानावळी, ज्यांना तिथे शॅक म्हणतात, त्या हंगामापुरत्याच असतात. पावसाळ्याआधी त्या मोडून घ्याव्या लागतात. दुकानांवर निळे प्लास्टिक बांधलेले. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्यामुळे गोव्यात येऊन आम्ही तीन आठवडे बहुतेक डाळभातच खाल्ला!

भाच्याचे हॉटेल अर्धे बंद होते. कामगारांपैकी निम्मे गावी पाठवलेले, उरलेल्यांना अर्धा पगार. खोलीचे भाडे मात्र पूर्ण. मी विचारले, "अरे, हे असे किती महिने?" तो म्हणाला, "मामा, जून ते सप्टेंबर. दरसालचंच हाय."

आठ महिने मिळवायचे आणि चार महिने ते बसून खायचे, असा हा हिशेब. आपल्याकडे एका पिकावर विसंबणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. तिथे अख्खी गावे पाहुणा नावाच्या एका पिकावर उभी आहेत. २०२० साली साथीमुळे ते पीक बुडाले, तेव्हा भाचा चार महिने आमच्याकडे येऊन राहिला होता. त्या वर्षी त्याला कोणी पोसले? त्याच एका एकराने.

दोन खोल्यांचा भाव

मग आम्ही खोल्या पाहायला निघालो. दलाल गोड बोलणारा होता. त्याने तीन ठिकाणे दाखवली. भाव ऐकून मी मनात गणित मांडले. आमचा एकर चांगल्या भावाने गेला, तरी निम्मी रक्कमही उभी राहत नव्हती. उरलेल्यासाठी वीस वर्षांचे कर्ज, त्यावर इमारतीच्या देखभालीचा दरमहा खर्च, आणि पगार आठ महिन्यांचा.

इतका भाव का, हे समजून घेतले पाहिजे. गोव्याचा विस्तार अवघा ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. २०२४ साली तिथे येऊन गेलेले पाहुणे मात्र सुमारे एक कोटी. त्यांतल्या पैसेवाल्यांना सुट्टीपुरते घर हवे असते. वर्षातून पंधरा दिवस वापरायच्या घरासाठी दिल्ली-मुंबईचा माणूस जो भाव देतो, त्याच्याशी स्वयंपाकघरात राबणाऱ्या पोराने स्पर्धा करायची! शेतजमिनीचा भाव ती काय पिकवते यावरून ठरत असे. तिथे तो खिडकीतून समुद्र दिसतो की नाही यावरून ठरतो.

पाण्याचेही विचारले. बार्देश भागाला अस्नोड्याच्या केंद्रातून पाणी येते आणि त्या केंद्राला तिळारीच्या कालव्याचे. तिळारी म्हणजे आपलेच धरण, महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधलेले. कालव्याला भगदाड पडले की म्हापसा-कळंगुटचे नळ कोरडे आणि टँकरची धावाधाव सुरू. भाजीपाला बराचसा बेळगावहून घाट उतरून येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी कोथिंबिरीची जुडी हातात घेतली आणि भाव ऐकून खाली ठेवली. विकणारी बाई हसली. म्हणाली, "घाटावरचे काय तुम्ही?"

त्याच बाजारात मला गोव्याची शहाणी रीतही कळली. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, तिथले लोक सुके मासे, मीठ, मिरची, आमसुले, कडधान्ये अशी चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात. तिला ते 'पुरुमेंत' म्हणतात. म्हणजे जो मूळचा गोवेकर, त्याला पावसाळा ठाऊक आहे आणि तो त्याची तयारी करतो. पाहुण्याला पावसाळा ठाऊकच नसतो.

चोडण बेटावरचे म्हातारे

एक दिवस रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवी दुथडी भरलेली होती. पलीकडे उतरलो आणि डोळे निवले. भाताची लावणी चालली होती!

बांधावर छत्री घेऊन एक वयोवृद्ध शेतकरी उभे होते. मी शेतकरी आहे म्हटल्यावर त्यांनी आपणहून सारे दाखवले. तिथल्या खाडीकाठच्या जमिनीला 'खाजन' म्हणतात. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून चिखल आणि दगडांचे बांध घातलेले. त्या बांधाला एक लाकडी दार असते, त्याला म्हणतात 'मानस'. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. भरती आली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते. ना वीज, ना राखणदार. पावसाळ्यात खारेपण सोसणारे 'कोरगूट' जातीचे भात, आणि पुढे त्याच पाण्यात कोळंबी आणि मासळी. शेकडो वर्षांची ही विद्या आहे.

हे सारे सांभाळत असे ती 'गावकरी'. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. गाव वसवणाऱ्या घराण्यांची ही सामाईक मालकी. जमीन खंडाने द्यायची, आलेल्या पैशातून बांध आणि देवस्थान राखायचे, उरलेला वाटा गावकऱ्यांत वाटायचा. त्या वाट्याला 'जोन' म्हणत. पुढे १९७६ च्या कायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनी मिळाल्या. ते न्यायाचेच झाले. पण बांध कोणी राखायचा हा प्रश्न मात्र अनेक गावांत लोंबकळत राहिला. एकदा बांध फुटून खारे पाणी शिरले, की काही पावसाळे ते मीठ धुऊन निघण्याची वाट पाहावी लागते. आणि पडीक जमीन दिसली की दलाल येतो.

मी त्यांना विचारले, "आजोबा, गोवा राहायला कसा?"

त्यांनी गावाकडे हात केला. कौलारू मोठमोठी घरे, पण निम्म्यांना कुलपे. पोरे कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी पोर्तुगालचे पारपत्र काढून इंग्लंडात. म्हातारे म्हणाले, "घर आसा, पूण मनीस ना." घर आहे, पण माणूस नाही.

मला आमचा गाव आठवला. आमची पोरे गोव्यात आणि गोव्याची पोरे इंग्लंडात! प्रत्येकाला दुसऱ्याचे अंगण हिरवे दिसते.

चांगले ते चांगले

गोव्याची निंदा करायला मी हे लिहीत नाही. तिथे बाई रात्री एकटी स्कूटरवरून घरी जाताना मी पाहिली. गावोगाव शाळा आहेत. बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १८४२ पासूनची परंपरा सांगते. हिंदू आणि ख्रिस्ती शेजार एकमेकांच्या सणाला ताट पाठवतो. लोक जमिनीसाठी भांडतातही. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत बांधकामाला मोकळीक देणारा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केल्यामुळे जानेवारी २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. २०२३ साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही झाला. ज्या मुलुखात जमीन सोन्याच्या भावाने जाते, तिथलीच माणसे ती विकू नका म्हणून कायदा करतात, यातून आपण काय ते समजावे.

ज्याचे तिथे वडिलार्जित घर आहे, विहीर आहे, चार माड आहेत, किंवा बारमाही पगाराची नोकरी आहे, त्याला गोवा राहायला उत्तमच. पण बाहेरून गेलेल्याला तिथला होण्यास वेळ लागतो. सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि कोंकणी यावी लागते. जो आपली जमीन विकून तिथे दोन खोल्या घेईल, तो इथला राहणार नाही आणि तिथला व्हायला अर्धे आयुष्य जाईल.

निघायच्या आदल्या रात्री मी भाच्यापुढे एक साधा हिशेब ठेवला. "तुझ्या हॉटेलची मंदी जून ते सप्टेंबर. आपली भाताची पेरणी, लावणी, भांगलण कधी? तेव्हाच! जे चार महिने तू इथे अर्ध्या पगारात भाड्याची खोली राखत बसतोस, ते आपल्या शेतात घाल. ऑक्टोबरला परत ये. कापणीला तुझी आई आणि आम्ही आहोत. खोली भाड्याचीच राहू दे. पैसे साठले तर पुढे बघू. पण एकर विकून नको."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, हिशेब बरोबर हाय. पर लग्नाचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. ते उत्तर मुलीच्या बापांनी द्यायचे आहे. त्यांत मीही एक आहे. माझीही एक मुलगी लग्नाची आहे आणि परवापर्यंत मीही सोयरिकीत "मुलगा काय करतो" हेच आधी विचारत होतो. आता मी "जमीन राखली आहे का" हेही विचारणार आहे.

घरी आल्यावर बहिणीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "ऱ्हाऊन आलास न्हवं? मग सांग."

मी म्हणालो, "पाहायला जरूर जावे. राहायचे तर तिथला पावसाळा काढून मग ठरवावे. आणि जमीन विकून तर मुळीच जाऊ नये."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भाचा पंधरा दिवसांच्या रजेवर आला. घनसाळाची भांगलण त्यानेच उरकली. एकर अजून आमचाच आहे. पुढच्या शिमग्याला तो काय म्हणतो, ते पाहायचे.