पोटातला पंचनामा

तहसिलीत तीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनास स्वतःच्या देहाची तक्रार मात्र वाचता आली नाही. गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मी सहा महिने, आणि त्याही बहुधा उपाशीपोटी, बिनदिक्कत गिळत होतो. नागपंचमीच्या दिवशी, १९४२ च्या हुतात्म्यांना वंदन करावयास आमची आष्टी जमली असता, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हाही दोष मी उकाड्यालाच दिला. त्या सकाळी शौचास डांबरासारखे काळे नि चिकट झाले होते, हे मी कोणास सांगितलेच नव्हते. असल्या गोष्टींचा उच्चार करू नये, ही आमच्या पिढीची एक खुळचट मर्यादा.

चिरंजीवांनी मोटारीत घालून सेवाग्रामला नेले. वाटेत मला राहून राहून वडिलांचे पोट आठवत होते: १९६८ साली नागपुरास अल्सरसाठी अर्धे जठर कापून काढल्यावर, छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उतरलेला तो वण, आणि नंतर दोन घास अधिक झाले की घाम फुटून त्यांचे आडवे होणे.

"काका, पोट फाडायचं नाही, नळीनंच बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिमोग्लोबिन साडेसहावर आलेले. रक्ताची पिशवी टांगलेली. घशात कडू फवारा, दातांत प्लास्टिकची कडी, डावी कूस. तिरप्या नजरेने पडद्यावर पाहिले, तो जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या आरंभी वाटाण्याएवढा पांढुरका खळगा, आणि त्याच्या मध्यातून रक्त झिरपणारे वाहिनीचे टोक! सुईने अ‍ॅड्रिनॅलिन टोचताच भोवतालचे अस्तर फिकट पडले. मग वाळत घातलेल्या धोतराला लावावा तसा धातूचा चिमुकला चिमटा त्या टोकावर बसला आणि रक्त थांबले. पुढे बहात्तर तास शिरेतून पँटोप्राझोल चालू होते, कारण आम्ल उतरल्याशिवाय रक्ताची गुठळी टिकत नाही.

जठरातला एक कण त्यांनी पिवळ्या जेलीत ठेवला होता. ती गुलाबी झाली. म्हणजे गोळ्यांच्या जोडीला हेलिकोबॅक्टर नावाचा जंतूही गुन्हेगार निघाला. १९८२ साली मार्शल आणि वॉरन यांनी तो ऑस्ट्रेलियात वाढवून दाखविला, मार्शल यांनी तर पुढे स्वतः पिऊन पाहिला; २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. मला चौदा दिवसांची अँटिबायोटिके मिळाली.

वडिलांच्या दुखण्याचे खापर मात्र आमच्या घरी आईच्या तिखट फोडणीवर फुटले होते. घरी परतल्यावर मी तिला जंतूची हकीकत सविस्तर सांगितली. ती बराच वेळ तांदूळ निवडीत राहिली.

"मंग मी इतकी वर्सं अळणी भाजी कायले रांधली रे?"