चौकशांची वाटणी

निवृत्त सरकारी अधिकाऱ्याला नातेवाइकांकडून बोलावणे येते ते बहुधा दोनच कारणांसाठी. एक तर कोठेतरी अडकलेला कागद सोडवून हवा असतो, नाही तर लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत नाव घालायचे असते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी पहिले कारण गृहीत धरून चष्मा आणि पेन बरोबर घेऊनच निघालो.

पुतण्याचा इंदुरात घरे आणि भूखंड यांच्या मध्यस्थीचा व्यवसाय आहे. माझ्या वडिलांच्या काळी याला दलाली म्हणत, आणि रामबागेतल्या आमच्या घरी तो शब्द थोडा आवाज उतरवूनच उच्चारला जाई. आता २०१६ च्या कायद्यानुसार या मंडळींना रेराकडे नोंदणी करावी लागते आणि जुळवून दिलेल्या प्रत्येक विक्रीत आपला नोंदणी क्रमांक नमूद करावा लागतो. विजयनगरच्या बाजूला त्याचे कार्यालय आहे, हाताखाली आठ माणसे आहेत. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच तो म्हणाला, "काका, कागद कुठलाच अडकलेला नाही. माणसं अडकली आहेत. चौकशा इतक्या येतात की ही आठ जणं त्यांच्यावरून भांडतात, आणि तरी निम्म्या लोकांना कुणी फोनच करत नाही."

चौकशी म्हणजे त्यांच्या भाषेत 'लीड'. ती येते तरी किती वाटांनी! मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स यांसारख्या संकेतस्थळांवरून ई-मेल येतो, फेसबुकच्या जाहिरातीखालचा तक्ता कोणी भरून पाठवतो, कोणी व्हॉट्सॲपवर नुसतेच 'प्राइस?' एवढे विचारतो, कोणी बायपासवरचा फलक वाचून थेट फोन लावतो. स्वागतकक्षातली मुलगी हे सारे वहीत उतरवून कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकी, आणि जो पहिल्यांदा 'मी' म्हणेल त्याची ती चौकशी होई. म्हणजे जो दिवसभर मोबाइल हातात धरून बसला तो श्रीमंत, आणि जो भर उन्हात ग्राहकाला घर दाखवत होता तो कोरडा. हे बंद करून पुतण्याने वाटप स्वतःकडे घेतले. मग तो बैठकीत असला की चौकशा दोन-दोन तास पडून राहू लागल्या, आणि त्याच्यावर पक्षपाताचा आरोप आला तो वेगळाच.

पडून राहणे किती महाग पडते, हे त्यानेच मला दाखवले. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्या इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला किती वेळात उत्तर देतात, हे तपासले होते. ज्या कंपन्यांनी महिन्याभरात उत्तर दिले, त्यांनाही सरासरी ४२ तास लागले होते. तासाभरात संपर्क साधणाऱ्यांना, त्याहून एक तास उशीर करणाऱ्यांच्या मानाने, ग्राहकाशी कामाचे बोलणे होण्याची शक्यता जवळजवळ सातपट होती. ते वाचून मला आमच्या आवक-जावक बारनिशीची आठवण झाली. ४२ तासांत उत्तर गेले असते, तर आमच्याकडे त्या बाबूचा सत्कार झाला असता!

पक्षपाताच्या आरोपावरून मला अमेरिकेतल्याच एका गृहस्थाची गोष्ट आठवली, ती मी पुतण्याला सांगितली. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. त्याची गिऱ्हाइके कमी होत गेली, तेव्हा त्याला संशय आला की टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर बाई त्याच्यासाठी आलेले फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते. ती बाई त्या प्रतिस्पर्ध्याचीच पत्नी होती, असे सांगतात. यावर उपाय म्हणून त्याने ऑपरेटरविना चालणारे एक्स्चेंजच शोधून काढले. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. आपल्याकडच्या अनेक शहरांतही पुढे कित्येक दशके स्ट्रोजर पद्धतीचीच एक्स्चेंजे खडखडत होती. म्हणजे आलेले गिऱ्हाईक यंत्राने वाटावे ही कल्पना मुळात जन्माला आली, तीच वाटणाऱ्या माणसावरच्या अविश्वासातून.

सॉफ्टवेअर बसवणारा मुलगा पंचविशीतला. तो म्हणाला, "सर, सिस्टीमचं मी बघतो. तुम्ही मला फक्त नियम सांगा." मला का बोलावले, ते तेव्हा कळले. दस्तऐवजांच्या नोंदणीत माझी सदतीस वर्षे गेली. मध्य प्रदेशात २०१५ साली ई-पंजीयन आले आणि पक्षकार ठरल्या वेळेचा स्लॉट घेऊन येऊ लागले, ते सारे स्थित्यंतर मी खुर्चीवरून पाहिले होते. नियम लिहिणे एवढी एकच कला मला अवगत आहे. पहिल्या मसुद्यात सत्तावीस कलमे झाली. मुलगा विनयाने म्हणाला, "सर, हे सहात बसेल का?"

शेवटी नऊ झाली. सगळ्या वाटांनी येणाऱ्या चौकशा आधी एकाच ठिकाणी जमा व्हाव्यात, हे पहिले. दुसरे, एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये. हे वाटते तितके सोपे नाही. तोच गृहस्थ एका संकेतस्थळावर नंबराआधी शून्य लावतो, दुसरीकडे एक्क्याण्णव लावतो, तिसरीकडे मधे जागा सोडतो. मग एकाच कार्यालयातून तिघे त्याला फोन करतात आणि तो तिघांनाही झिडकारतो. म्हणून शेवटचे दहा अंक तेवढे जुळवायचे, आणि ज्याच्याशी पूर्वी बोलणे झाले असेल त्याच्याकडेच तो ग्राहक परत पाठवायचा. मग भाग पाहायचा. राऊ-महूकडची चौकशी एरोड्रमच्या बाजूला फिरणाऱ्याकडे जाऊन काय उपयोग? त्यानंतर पाळी.

पाळीला त्यांच्यात 'राउंड रॉबिन' म्हणतात. जहाजावरचे खलाशी कप्तानाविरुद्ध तक्रार करताना वर्तुळात सह्या करीत, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळत नसे. त्या अर्जाचेही हेच नाव. आपल्याला मात्र पाळी शिकवायला खलाशी नकोत. भाऊबंदांनी वतन वर्षावर्षाने आळीपाळीने चालवले आणि पाळीवरून पिढ्यानुपिढ्या भांडलेही. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नाही, पाटकरी लावतो. वतनाच्या भांडणात जो प्रश्न हटकून निघे, तोच इथेही निघाला: पाळीचा माणूस रजेवर असेल तर त्याची पाळी बुडते की राखली जाते? मी 'राखावी' म्हणालो, पुतण्या 'बुडावी' म्हणाला. मंजूर रजेची राखली, न कळवता घेतलेल्या रजेची बुडवली. शासकीय सेवेचा ठसा सहजासहजी पुसला जात नाही.

दहा मिनिटांत चौकशी स्वीकारली नाही तर ती पुढच्याकडे जावी, असे कलम होते. आठवड्याभरात कळले की लोक स्वीकारण्याचे बटण तत्परतेने दाबतात, फोन मात्र संध्याकाळी करतात. म्हणून बटणाऐवजी प्रत्यक्ष फोन झाल्याची नोंद धरावी लागली. नंबर चुकीचा निघाला तर पाळी परत मिळावी, असेही मी औदार्याने लिहिले होते. लगेच चुकीच्या नंबरांची साथ आली! ज्यांत कमिशन कमी दिसे त्या चौकशा 'राँग नंबर' ठरू लागल्या. कलमात पळवाट शोधण्याची बुद्धी सरकारी कार्यालयाची मक्तेदारी आहे, असे मी उगाच समजत होतो. मग पाळी परत मागणाऱ्याचा प्रत्येक नंबर स्वागतकक्षातल्या मुलीने एकदा लावून पाहावा, असे ठरले आणि साथ ओसरली.

खरी अडचण नवव्या कलमाने आणली. ते माझे नव्हते, पुतण्याचे होते. सगळ्यांना सारख्या चौकशा कशाला? ज्याचे व्यवहार जास्त पार पडतात त्याला जास्त द्याव्यात, ज्याचे कमी त्याला कमी. सॉफ्टवेअरमध्ये याची सोय तयारच असते. प्रत्येकाच्या नावापुढे एक वजन टाकायचे, मग यंत्र दर महिन्याला निकाल पाहून ते आपोआप बदलत राहते. वरकरणी यात गैर काही नाही, चांगल्या फलंदाजाला वर पाठवतातच. पहिला तक्ता निघाला त्यात सर्वांत वर एक तरतरीत तरुण होता आणि सर्वांत खाली कार्यालयातल्या एक ताई. पूर्वी शाळेत शिकवीत, चार वर्षांपूर्वी इथे आल्या. वर्षभरात त्यांच्या हातून एकही विक्री झालेली नव्हती. "काका, हे मी नाही म्हणत, सिस्टीम म्हणते," पुतण्या म्हणाला.

मी जुनी वही मागवली. वर्षभरात ताईंना विक्रीच्या चौकशा मिळाल्या होत्या सहा. बाकी सगळ्या भाड्याच्या. भाडेकरूंशी त्या छान बोलतात, म्हणून भाड्याचे सगळे त्यांच्याकडे. भाड्याच्या व्यवहारात हाती लागते ते फार तर महिन्याचे भाडे, आणि चपला मात्र तितक्याच झिजतात. मी त्यांना विचारले, "तुम्ही विक्रीचं काम मागितलं नाहीत?"

"मागितलं होतं काका, दोनदा. मग वाटलं, घरमालकांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, तेवढं तरी असू दे."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि त्याचे कारण ताई नव्हत्या. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी एका लहान गावी उपपंजीयक होतो. नोंदलेले दस्त तेव्हा पुस्तकांत हाताने उतरवले जात. सकाळी आलेल्या कागदांवर कोणाकडे काय द्यायचे, हे मी लाल पेन्सिलीने लिहीत असे. त्याला मार्किंग म्हणत. माझ्याकडे एक कनिष्ठ लिपिक होता, मोत्यासारखे अक्षर आणि तोंडातून कधी नकार नाही. लांबलचक वाटणीपत्रे, मृत्युपत्रे, चाळीस-चाळीस पानांचे दस्त, सगळे मी त्याच्या नावे मार्क करी. मुद्रांक शुल्काची तपासणी, मूल्यांकन, पक्षकारांना सामोरे जाणे ही कामे इतरांकडे. तीन वर्षे हेच चालले. मग त्याच्या पदोन्नतीच्या वेळी त्याचा गोपनीय अहवाल माझ्यासमोर आला आणि मी प्रामाणिकपणे लिहिले, 'अनुभव सीमित'. यात एकही अक्षर खोटे नव्हते. त्याची पदोन्नती त्या वेळी झाली नाही. अनुभव सीमित ठेवणारी लाल पेन्सिल माझ्याच खिशात होती, हे मात्र त्या दिवशी माझ्या मनातही आले नाही. ते यायला चौतीस वर्षे आणि पुतण्याचे सॉफ्टवेअर लागले.

माझी पेन्सिल निदान माझ्याबरोबर बदलून दुसऱ्या गावी गेली. नवव्या कलमाची बदली होणार नव्हती. ज्याला कमी मिळाले त्याचा निकाल कमी, निकाल कमी म्हणून पुढच्या महिन्यात आणखी कमी, आणि हे सारे कोणाच्याही आकसाशिवाय, कोणी न बोलता. स्ट्रोजरने ऑपरेटर बाईला बाहेर काढले होते. आम्ही तिला नियमाच्या आत नेऊन बसवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला हे सर्व सांगितले, लिपिकासकट. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तीन महिने सगळ्यांना सारखं देऊन बघू. पण नुकसान झालं तर, काका, मी पुन्हा वजन लावणार." मी मान्य केले. भाड्याच्या चौकशाही सगळ्यांत वाटायच्या ठरल्या. त्यावर जी नाराजी पसरली, ती इथे विस्ताराने सांगत नाही.

पहिल्या महिन्यात ताईंची विक्री शून्य. दुसऱ्या महिन्यात सुपर कॉरिडॉरवरचा एक भूखंड अगदी बयाण्यापर्यंत आला आणि ग्राहकाच्या मेहुण्याने मोडता घातला. त्याच महिन्यात तो तरतरीत तरुण नोकरी सोडून गेला. जाताना दोन ग्राहकही घेऊन गेला. पुतण्या आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होता, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. तिसऱ्या महिन्यात निपानियाला ताईंच्या हातून एक फ्लॅट गेला. ग्राहक म्हणजे त्यांनी दोन वर्षांपूर्वी भाड्याचे घर मिळवून दिलेले एक जोडपे. तिमाहीचा हिशेब एकंदरीत आधीच्यापेक्षा कमीच भरला. वजन पुन्हा लावले आहे, पण पुतण्याने ते अर्ध्या चौकशांपुरतेच ठेवले आहे, आणि उरलेल्या अर्ध्या सरळ पाळीने जातात. हा त्याचा स्वतःचा तोडगा, माझ्या नऊ कलमांत तो नव्हता.

त्या लिपिकाचा नंबर मी एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला. आता तो देवासला मुलाकडे असतो. मी अडखळत विषय काढला. तो म्हणाला, "अरे साहब, कौन सा प्रमोशन? वो तो दो साल बाद हो गया था।" आणि मग एका वाटणीपत्राबद्दल बोलत राहिला. सात भावांची वाटणी होती, विहिरीचे पाणी कोणी कोणत्या वारी घ्यायचे हेही त्यात लिहिलेले होते, आणि एकही खाडाखोड न करता त्याने ते तीन दिवसांत उतरवले होते. मी क्षमा मागायला फोन केला होता. ती मागायची राहूनच गेली.

अजूनही रविवारी संध्याकाळी मी पुतण्याकडे चहाला जातो आणि आठवड्यात कोणीच न उचललेल्या चौकशांची यादी पाहतो. पहिल्या आठवड्यात त्या अकरा होत्या, आता एखाद-दुसरी असते. गेल्या रविवारी एकच होती. खरगोनच्या बाजूच्या एका गृहस्थांना मुलीच्या परीक्षेसाठी, फक्त दोन महिन्यांकरिता, तळमजल्यावरची एक खोली हवी होती. चार जणांकडे फिरून ती चौकशी यादीत येऊन पडली होती. मी फोन लावला. ते म्हणाले, खोली मिळाली, पण फोन केलात हे बरे केलेत. आणि मग राजवाड्याजवळ चांगली भोजनशाळा कोणती, ते विचारू लागले.