जुना कॅमेरा विकणे आहे

माणूस नवा कॅमेरा घेतो तेव्हा त्याला वाटतं, आपण एक वस्तू घरात आणली. प्रत्यक्षात त्या दिवशी घरात दोन वस्तू येतात. एक नवा कॅमेरा आणि दुसरा जुना कॅमेरा. कारण आदल्या दिवसापर्यंत घरात 'जुना कॅमेरा' नावाचं काही नसतंच. असतो तो नुसता 'कॅमेरा'. नव्याचा खोका उघडला रे उघडला, की कपाटातला तो बिचारा एका क्षणात म्हातारा होतो. बँकेतून मी निवृत्त झालो तेव्हा माझंही असंच झालं होतं, त्यामुळे मला त्याच्याविषयी जरा जास्तच सहानुभूती वाटली म्हणा ना.

माझा जुना कॅमेरा म्हणजे निकॉनचा डी-९०. हा बाजारात आला २००८ साली आणि आमच्या जळगावच्या घरात आला २०१० साली. बारा मेगापिक्सलचा. शिवाय या जातीच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ घेणारा जगातला हा पहिलाच. ही माहिती मी त्या काळात आमच्या शाखेत इतक्या लोकांना सांगितली, की पुढेपुढे मी डबा घेऊन बसलो की माणसं टेबल बदलायची.

नवा घेतला २०२३ साली, निवृत्तीच्या पैशातून. हा 'मिररलेस', म्हणजे आरसा नसलेला. जुन्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला उजेड एका तिरप्या आरशावर पडतो आणि तिथून वर फिरून आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. तो 'खटाक' आवाज म्हणतात ना, तो या सगळ्या धावपळीचा. नव्यात आरसाच नाही. हे सगळं मी आमच्या हिला अगदी कागदावर आकृती काढून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हणजे होता तो आरसा काढून घेतला, आणि वर दुप्पट पैसे घेतले?"

यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

"मग आता तो जुना विकून टाका," ती म्हणाली. "नाहीतर माळ्यावर जाऊन बसेल, त्या टेपरेकॉर्डरशेजारी."

आमच्या माळ्याबद्दल एकदा सविस्तर लिहायला हवं. तिथे पितळी बंब आहे, बिनकाट्यांचं घड्याळ आहे, आणि घरात १९९० सालापासून आलेल्या प्रत्येक वस्तूचा रिकामा खोका आहे. 'विकताना खोका असला की किंमत जास्त येते' हा माझा सिद्धान्त. त्यापायी मी खोके जपून ठेवले आणि वस्तू फुकट देत आलो. जुन्या साड्या देऊन भांडी घेणं हिला जमतं. बोहारणीशी घासाघीस करून तिने आजवर अर्धा संसार जमवलाय. पण बोहारीण अजून कॅमेऱ्याच्या धंद्यात उतरलेली नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा गोलाणी मार्केट गाठलं. जळगावात माणूस सोनं घ्यायला सराफ बाजारात जातो आणि विजेवर चालणारं काहीही घ्यायला, दुरुस्त करायला किंवा टाकायला गोलाणीत जातो. तिथल्या एका दुकानातल्या पोराने कॅमेरा हातात घेऊन वरखाली केला, वांगं पारखावं तसा.

"काका, हे किती मेगापिक्सल?"

"बारा."

त्याने काही न बोलता स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे बघा. एकशे आठ."

मी त्याला समजावू लागलो, की मेगापिक्सल म्हणजे सगळं नव्हे, आतल्या सेन्सरचा आकार बघायचा असतो, भिंग बघायचं असतं. वाटीत बारा आणि परातीत बारा यांत फरक असतो वगैरे. त्याने सगळं ऐकलं आणि साडेतीन हजार म्हणाला. बॅगेसकट.

पन्नास हजारांच्या घरातली वस्तू साडेतीन हजार! मी घरी येऊन स्वतःचं समाधान करू लागलो. म्हटलं, डिजिटल कॅमेऱ्याच्या कुंडलीतच हे लिहिलेलं आहे. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद, आणि मेगापिक्सल म्हणाल तर एकाचा शंभरावा हिस्सा. फिल्म विकून मोठ्या झालेल्या कंपनीला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. पुढे त्याच डिजिटलने फिल्मचा धंदा खाल्ला आणि २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीसाठी कोर्टात अर्ज केला. आता डिजिटल कॅमेऱ्यांना मोबाइल खातोय. तेव्हा आपले साडेतीन हजार म्हणजे काळाचा महिमा!

"मग देऊन टाका साडेतीनला," ही म्हणाली.

"अगं, असं कसं? खानदेशातला फोटोग्राफर म्हणजे काय? आपल्या चाळीसगावचे केकी मूस..." मी सुरू केलं. केकी मूस हे माझं शेवटचं अस्त्र. १९१२ साली जन्मलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं राहिला. घराबाहेर म्हणून जवळपास पडलाच नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांतून डोंगर, बर्फ, वादळ असं अख्खं जग फोटोत उभं करायचा. मुंबईची कुणी प्रेयसी येईन म्हणाली होती, म्हणून रोज रात्री मेलच्या वेळेला दार उघडून वाट पाहायचा, अशी गोष्ट सांगतात. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेला तोपर्यंत. "अशी निष्ठा असते कलावंताची!" मी म्हणालो.

"ते माणसाची वाट बघत होते," ही म्हणाली. "तुम्ही गिऱ्हाइकाची बघताय."

अखेर मेव्हण्याने ओळखीतून गिऱ्हाईक काढलं. धुळ्याची एक कॉलेजातली मुलगी. फोनवर तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की मी उडालोच. "काका, शटर काउंट किती आहे?"

मोटारीला जसा किलोमीटरचा आकडा, तसा कॅमेऱ्याला हा आकडा. आजवर किती वेळा बटण दाबलं त्याची मोजणी. माझ्या कॅमेऱ्यात तो प्रत्येक फोटोच्या पोटात लिहिलेला असतो. फक्त काढून बघावा लागतो. मी बघितला. ४१,२०६.

"चालेल की," ती म्हणाली. "एक लाखापर्यंत टेस्ट केलेलं असतं ते."

नऊ हजारांवर बोलणं थांबलं. मी फोन ठेवला आणि त्या आकड्याकडे बघत बसलो. एक्केचाळीस हजार दोनशे सहा.

आमच्या लहानपणी धुळ्याच्या घरी आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोळात बारा फोटो. रोळ वर्षातून एकदा, दिवाळीला. अण्णा त्या बारांचं अंदाजपत्रक करायचे. भावंडांचे चार, आजीचा एक, पाहुण्यांचे तीन, देवीच्या यात्रेचे दोन, एक 'वाया जाईल तो'. आणि एक ठरलेला आईचा. ओटीवर, सकाळच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. ती दरवर्षी नको म्हणायची आणि अण्णा दरवर्षी "बारात एक तुझा आहे" म्हणून तिला उभी करायचे. ते सगळे फोटो आजही अल्बममध्ये आहेत. वर्षाला एक.

मग माझ्या हातात एक्केचाळीस हजारांचा खजिना आला. मी पाटणादेवीचं जंगल काढलं, तापीवरचे सूर्यास्त काढले, केळीच्या पानावरचे दवबिंदू तर इतके काढले की त्यात आंघोळ झाली असती. आईसमोर कॅमेरा धरला की ती म्हणायची, "माझा काय काढतोस? पोरांचे काढ." मी पोरांचे काढायचो. मोठा आज्ञाधारक मुलगा मी!

२०१९ मध्ये आई गेली. दहाव्याच्या आधी फ्रेमसाठी फोटो हवा म्हणून मी रात्री हार्ड डिस्क घेऊन बसलो. दवबिंदू सापडले. सूर्यास्त सापडले. एका खारीचे तर एकशे चाळीस फोटो निघाले. आईचा एकटीचा, समोरून, नीट असा एकही नव्हता. जिथे होती तिथे पाठमोरी, नाहीतर अर्धी, नाहीतर चेहऱ्यासमोर हात. शेवटी एका हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचा फोटो मिळाला. शेतात काड्यांचा जाळ, बामणोदची वांगी भाजायला टाकलेली, पुढे आमचे मॅनेजरसाहेब ताट धरून उभे. आणि मागे धुराच्या कडेला आई, कुणाच्या तरी बोलण्यावर हसत असलेली. फोकस अर्थात मॅनेजरसाहेबांच्या ताटावर होता.

स्टुडिओवाल्याने तेवढा चेहरा कापून मोठा केला. "साहेब, मागे हिमालय टाकू का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्याने मॅनेजरसाहेबांचा कान तेवढा पुसून काढला. आज आमच्या भिंतीवर आई हसतेय ती अशी, जराशी अंधुक. येणारे म्हणतात, "फोटो छान आहे हो, अगदी नैसर्गिक." मी काही बोलत नाही. मला दिसतो तो पुसलेला कान.

हे सगळं त्या आकड्यात होतं. त्यामुळे कॅमेरा विकायचा म्हणजे सुटकाही वाटत होती आणि पळ काढल्यासारखंही.

एका रविवारी एस.टी.ने निघालो. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. खोका मांडीवर. (खोका होता! सिद्धान्त खरा ठरला.) धुळ्याला पत्ता शोधायला त्रास नाही. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने हे शहर पट्टीने आखलं. गल्ल्यासुद्धा सरळ आणि त्यांना नावांऐवजी नंबर. माझा जन्म त्यातल्याच एका नंबरातला, त्यामुळे पाय आपोआप वळले.

मुलीने कॅमेरा घेतला तो दोन्ही हातांनी. डोळ्याला लावला, भिंग फिरवलं, बटणं तपासली. तिची आजी भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "हाई काय शे भाऊ? कितलाले?"

मी किंमत सांगितली. आजीने लसूण खाली ठेवला. नऊ हजारांत काय काय येतं याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. नात हसली आणि तिने कॅमेरा आजीकडे वळवला. आजीने झटकन हात वर केला.

"मना काय फोटू काढस? पोरेसना काढ!"

बोली वेगळी, पण वाक्य तेच. मला एकदम त्या घरात उभं राहणं अवघड झालं. मुलीने कॅमेरा खाली घेतला. शहाणी मुलगी, मोठ्यांचं ऐकणारी.

"हिचं ऐकू नको," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण दोघीही चमकल्या. "एक हजार कमी दे. पण ही नको म्हणेल तेव्हा तेव्हा हिचा फोटो काढायचा. आत्ता काढ."

आजी म्हणाली, हजार रुपये सुटत असतील तर काढ बाई. तिने पदर सारखा केला, लसणाचं ताट बाजूला सरकवलं आणि खटाक आवाज झाला. तेरा वर्षं माझ्या कानाशी झालेला तो आवाज पहिल्यांदाच मी समोरून ऐकला. एक्केचाळीस हजार दोनशे सात.

घरी पोचायला रात्र झाली. ही स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

"कितीला गेला?"

"आठ."

"नऊ ठरले होते ना?"

"हजार एका फोटोचे गेले."

"एका फोटोचे हजार?" ती वळून बघायला लागली. तव्यावरची भाकरी फुगली होती, तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. मी नवा कॅमेरा उचलला.

"माझा काय काढता? अवतार बघा माझा! परवा लग्नाला जायचंय तेव्हा काढा," असं म्हणून ती पुन्हा तव्याकडे वळली. मग दोन मिनिटांनी, मी अजून तिथेच उभा आहे हे बघून म्हणाली, "ठेवा तो. नाही ना काढला?"

मी नाही म्हणालो.

नव्या कॅमेऱ्यात खटाक आवाज होत नाही. आरसा नसल्याचा हा एक फायदा तेवढा हिला अजून सांगितलेला नाही.