श्रीमंतीचा काळा धूर

गॅरेजच्या बोलीतील काही शब्द मोठे फसवे असतात. 'गाडी रिच चालते आहे' असे मिस्त्रीने सांगितले, तर नवख्या माणसाला ती प्रशंसा वाटावी. वस्तुतः ते एका रोगाचे नाव आहे. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एका लिटरला म्हणाल तर जवळजवळ ९ हजार लिटर. हे प्रमाण बिघडून पेट्रोल अधिक आणि हवा उणी झाली, की ती श्रीमंती इंजिनाला पचत नाही. अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी होते, आणि तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायूही बाहेर पडतो.

वडिलांनी १९८८ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी अजून आमच्या अंगणात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातील ह्या गाड्यांचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. वडील गेले, गाडी राहिली. वृद्ध आईला दुसऱ्या कोणत्याही वाहनात बसणे रुचत नाही.

गेल्या पावसाळ्यात गाडी तीन महिने उभी होती. त्यानंतर ती काळा धूर ओकू लागली. लिटरला बारा किलोमीटर धावणारी गाडी आठावर आली. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ५ टक्क्यांवर निघाले; त्या काळच्या गाड्यांसाठी मर्यादा ३ टक्क्यांची आहे. एका गॅरेजने पाहताक्षणीच निकाल दिला: इंजिन उतरवा, रिंगा आणि पिस्टन बदला. सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होता. धाकटा भाऊ म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." त्याचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. शेजारच्या घरात दम्याने त्रासलेली एक लहान मुलगी आहे. आईनेच शेवटी विषय मिटवला. "धूर थांबत असेल तर ठेवा," ती म्हणाली, "नाहीतर पपांची आठवण म्हणून त्या पोरीचा श्वास कोंडू नका."

आमच्या गावात पद्मिनीवर हयात घालवलेले एक मिस्त्री आहेत. त्यांनी प्रथम हत्यारांना हातच लावला नाही. गाडी सुरू करायला सांगून ते मागे जाऊन उभे राहिले. "सर, निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं, रिंगा बघितल्या असत्या. हा काळा आहे. हिला खायला जास्त मिळतंय. मग पोट कशाला फाडायचं?"

नंतर त्यांनी चारही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले. निरोगी इंजिनाचे प्लग फिकट तपकिरी असतात. हे चारही कोरड्या, मखमली काजळीने माखलेले होते. एकच प्लग काळा असता, तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये शोधावा लागला असता. चारही सारखेच काळे, म्हणजे दोष चौघांना समाईक अशा जागी. तरीही खात्रीसाठी त्यांनी कॉम्प्रेशन मोजले. ते चारही सिलिंडरांत चांगले आणि जवळजवळ सारखे भरले. रिंगा निर्दोष ठरल्या.

मग स्वस्तातून महागाकडे असा त्यांचा क्रम सुरू झाला. हवेचा फिल्टर काढून गाडी चालवून पाहिली; धूर तसाच. चोकची केबल कोठे अडकते का ते पाहिले. चोक पूर्ण सुटत होता. पॉइंट आणि टायमिंग तपासले, कारण ठिणगी दुर्बल असली तरीही पेट्रोल अर्धवट जळते. तेथेही दोष नव्हता. शेवटी इंजिन बंद करून त्यांनी मला कार्बोरेटरच्या तोंडात डोकावायला सांगितले. इंजिन थांबलेले, तरी आत पेट्रोलचे थेंब टपकत होते.

कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत एक फ्लोट असतो. पेट्रोल भरत आले की तो वर उचलला जातो आणि एका बारीक सुईने येणारी वाट बंद करतो. 'पुरे' म्हणण्याचे काम ह्या सुईचे. मिस्त्रींनी फ्लोट कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरल्याचा आवाज नव्हता. सुईच्या टोकाला मात्र झिजेची कडा पडली होती आणि तिच्या बैठकीत गंजाचे कण अडकले होते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत गंज धरला आणि तो नळीवाटे इथवर आला. पेट्रोल पंप ढकलत राहिला. 'पुरे' म्हणणारे कोणी उरले नाही.

टाकी धुतली, नळीत नवा फिल्टर बसवला, सुई बैठकीसह बदलली. ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास येत होता. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे वंगण धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. म्हणून तेही बदलावे लागले. आणखी काही महिने असेच गेले असते, तर रिंगा खरोखरच गेल्या असत्या आणि त्या गॅरेजचे निदान खरे ठरले असते. दुसऱ्या तपासणीत आकडा दोनच्या आत आला. सुईपेक्षा ऑइलचेच पैसे अधिक झाले.

घराघरांतूनही हे घडताना आपण पाहतो. मुलांना, नातवंडांना काही उणे पडू नये म्हणून आपण ओतत राहतो. त्यांना मोकळी हवा किती मिळते, ह्याचा हिशेब राहून जातो. मग घुसमटीचा धूर दिसू लागला, की माणसातच खोट आहे असा निकाल आपण देऊन बसतो. क्वचितच तसे असते. बहुधा 'पुरे' म्हणणारी बारीकशी सुई कोठेतरी अडकलेली असते.