किंचित शिल्लक

दूध चांगले उकळून विरजले म्हणजे दही घट्ट लागते, हे आपल्या घरोघरच्या बायकांस ठाऊक असते. त्याचे कारण असे की, उष्णतेने दुधातील काही प्रथिनांची घडी सुटते व ती शेजारच्यांस जाऊन बिलगतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिची नेमकी घडी पडली, म्हणजे बहुधा ती कामास लागते. तिला कोठे वळण्याची मुभा आहे व कोठे मनाई, याचा नकाशा मद्रासला गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. मुभा आणि मनाई हे शब्द आम्हा वकिलांस जवळचे वाटतात. परंतु मुभा असलेली रूपेही एकाहून अधिक असतात. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू धरताना एका रूपात असते, सोडताना दुसऱ्या. घडी राखणाऱ्या व उलगडणाऱ्या शक्तींचा जमाखर्च मांडला, तर शिल्लक फार किंचित उरते. ती मोठी असती, तर प्रथिन दगडासारखे निश्चल झाले असते आणि श्वासाचे काम अडले असते.

या लवचिकपणाची किंमतही आहे. टाऊ नावाचे मेंदूतील प्रथिन एरवी सैल असते. अल्झायमरच्या व्याधीत त्याचे तंतू बनतात आणि त्या अवस्थेतून परत फिरणे दुष्कर होते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात व पुढे पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झालेले जयंत उदगावकर यांनी प्रथिनांची घडी पडण्याचा व बिघडण्याचा अभ्यास केला. त्यात टाऊही आहे.

केशवापुरातील माझ्या कचेरीत अशाच व्याधीचे एक वृद्ध गृहस्थ मृत्युपत्र करण्यास आले. सकाळी नातवंडांची नावे बिनचूक सांगत. तिन्हीसांजेस मुलालाच ‘आपण कोण?’ म्हणून विचारीत. ‘बाबांना भ्रम झाला आहे, त्यांची सही कसली घेता?’ असे धाकट्या मुलाचे म्हणणे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे ५९ वे कलम मात्र सांगते की, एरवी चित्त थाऱ्यावर नसलेला मनुष्यही ते थाऱ्यावर असलेल्या अवधीत मृत्युपत्र करू शकतो. डॉक्टर व आणखी एक साक्षीदार बसवून आम्ही ते सकाळीच केले.

त्यांची सकाळ टाऊच्या हालचालीने उजाडे, असे मी म्हणत नाही. शास्त्रही तसे म्हणत नाही. पण जे पालटते ते खोटे, हा आपला समज मात्र सोडावा लागतो. सकाळचे ते गृहस्थ खरे होते, सायंकाळचेही खरेच. कायद्याने त्यांच्या सकाळीस मान दिला. सायंकाळीस मान देणे हे घरच्यांचे काम.