साठ हजारांत आम्ही दोघं

मुलांनो, कोलकात्याला लोक कशासाठी जातात? कुणी कालीमातेच्या दर्शनाला जातं, कुणी व्हिक्टोरिया मेमोरियल बघायला, तर कुणी नुसते रसगुल्ले हाणायला! मी आणि माझा आठवीतला भाचा मात्र तिथे गेलो ते एक फुटबॉलचा सामना बघायला. कल्याण ते हावडा म्हणजे एकोणीसशे किलोमीटरच्या वर अंतर. तेवढं जायचं, नव्वद मिनिटं खेळ बघायचा आणि परत यायचं. घरात सगळ्यांनी आम्हांला वेड्यात काढलं. पण त्या आधीचे तीन आठवडे आमच्या घरात काय चाललं होतं, ते तुम्ही ऐकलंत तर तुम्हीही आमच्याबरोबर गाडीत चढला असता.

ही गोष्ट २०२४ सालची. इंडियन सुपर लीगमध्ये आपला मुंबई सिटी संघ पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होता. साखळीतला शेवटचा सामना १५ एप्रिलला, कोलकात्याच्या मोहन बागानशी, त्यांच्याच मैदानावर. बरोबरी झाली असती तरी मुंबईला चाललं असतं. पण मोहन बागानने २-१ असा विजय मिळवला आणि ढाल पटकावली. त्यांचे गुण ४८, आपले ४७! एका गुणाने हुकलं. आमचे भाचेबुवा शाळेच्या संघात गोलरक्षक आहेत. ते त्या रात्री जेवलेच नाहीत.

पण ढाल गेली तरी चषक बाकी होता. २४ एप्रिलला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, उपांत्य फेरीचा पहिला सामना. एकोणनव्वद मिनिटं झाली तरी मुंबई ०-२ अशी मागे. भाचा उशीत तोंड खुपसून पडलेला. आणि मग नव्वदाव्या मिनिटाला छांगतेचा गोल. लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंगचा. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते! ३-२! उशी पंख्याला लागून खाली आली. परतीचा सामना मुंबईत २-० असा जिंकला आणि आपण अंतिम फेरीत पोचलो. समोर कोण? तर पुन्हा मोहन बागान. आणि सामना कुठे? तर पुन्हा कोलकात्यात, कारण ढाल जिंकणाऱ्या संघाला अंतिम सामना आपल्या घरी खेळवण्याचा मान होता. तारीख ४ मे.

"मावशी, तुला २ मेपासून सुट्टी ना?" भाच्याने विचारलं. प्रश्न साधा होता, पण त्यात सगळं आलं.

१ मे रोजी मी शाळेत निकालपत्रकं वाटत होते, तेव्हा माझे मेहुणे तत्काळ तिकिटांच्या मागे लागले होते. दोन तिकिटं मिळाली. राहण्याची सोय आमच्या बंगाली शेजाऱ्यांनी केली. त्यांचे काका-काकू कोलकात्यात उल्टाडांगा भागात राहतात. सामन्याची तिकिटंही काकाच काढून ठेवणार होते. शेजारी एवढंच हसत म्हणाले, "काका पक्के मोहन बागानवाले आहेत हं! जरा सांभाळून."

२ मेला सकाळी कल्याणला गीतांजली एक्सप्रेस पकडली. कसाऱ्याचा घाट, मग भुसावळ, अकोला. वऱ्हाडात खिडकीतून येणारा वारा असा, की कुणी तव्यावरून हात फिरवावा. दिवस मावळला तेव्हा नागपूर मागे पडलं होतं. सकाळी जाग आली तेव्हा बाहेरची माती तांबडी झाली होती आणि स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली होती. टाटानगर आलं. इथलं पोलाद किती दूर गेलंय ते पुढे दिसणारच होतं. मग खरगपूर. इथला फलाट एके काळी जगातला सर्वांत लांब म्हणून भूगोलाच्या तासाला आम्ही घोकला होता. आता तो मान कर्नाटकातल्या हुबळीकडे गेला आहे, तेव्हा जुनं सामान्यज्ञानाचं पुस्तक वापरत असाल तर तेवढी दुरुस्ती करून घ्या.

हावडा स्टेशनच्या बाहेर आलं की समोरच तो प्रचंड पूल. १९४३ साली खुला झालेला. नटबोल्ट न वापरता, रिव्हेट ठोकून जोडलेला! त्याचं बहुतेक पोलाद जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातलं, म्हणजे सकाळी आम्ही जिथून आलो त्या टाटानगरचंच. पण भाच्याला पुलावरून जायचं नव्हतं, नदीखालून जायचं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये हुगळीच्या पात्राखालून मेट्रो सुरू झाली होती. सरकत्या जिन्यांवरून खाली, अजून खाली उतरत आम्ही फलाटावर पोचलो. गाडी निघाली, खिडकीबाहेर निळे दिवे लागले, आणि "आली वाटतं नदी" असं म्हणेपर्यंत नदी संपलीसुद्धा! एस्प्लनेडला उतरून आम्ही पिवळी टॅक्सी केली, कारण तेव्हा पुढचा सियालदहपर्यंतचा तुकडा जोडलेला नव्हता. तो २०२५ मध्ये जोडला गेला.

शेजाऱ्यांच्या काकांना भाचा पहिल्याच मिनिटापासून 'दादू' म्हणू लागला. बंगालीत दादू म्हणजे आजोबा. उंच, काटक, सत्तरी ओलांडलेले. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एकच चित्र, अनवाणी खेळाडूंच्या संघाचं. भाच्याने विचारलं आणि दादूंचा चेहरा उजळला.

१९११ साली आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट हा गोऱ्या सोल्जरांचा संघ समोरासमोर आले. सोल्जरांच्या पायांत बूट, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. कप्तान शिबदास भादुरी. मोहन बागान २-१ ने जिंकलं. त्या दिवसाची तारीख २९ जुलै. अजूनही तो 'मोहन बागान दिन' म्हणून साजरा होतो. दादू हे सांगताना खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मला वाटतं, आपल्याकडे गडाच्या वेढ्याची गोष्ट सांगताना म्हातारी माणसं जशी रंगतात, तसंच ते होतं. भाचा तोंड उघडं टाकून ऐकत होता. आपण उद्या याच संघाच्या विरुद्ध ओरडायला आलोय, हे तो बहुधा विसरला असावा.

दादूंना थोडं मराठी येतं, हेही तेव्हाच कळलं. १९७७ साली ते बँकेच्या नोकरीसाठी मुंबईत होते, गिरगावात एका मराठी बाईंकडे खोली घेऊन. त्या काळी मुंबईत कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाची स्पर्धा व्हायची. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा आता बंद पडली आहे. कोलकात्याचे संघ मुंबईत यायचे आणि कितीतरी वेळा चषक घेऊन जायचे. १९७७ मध्ये मोहन बागानने रोव्हर्स, ड्युरँड आणि आय.एफ.ए. शील्ड अशा तिन्ही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. दादू म्हणाले, "मी कूपरेजला होतो. तुमच्या मुंबईत आम्ही थोडेसेच होतो. रात्री घरी आलो, तर गिरगावच्या बाईंनी माझ्यासाठी बोंबील तळून ठेवले होते."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सामन्याच्या सकाळी, दादू बाजारातून ही मोठमोठी कोळंबी घेऊन आले. कोळंबीला तिथे चिंगडी म्हणतात. आणि इथे एक गंमत आहे. कोलकात्यात मोहन बागान जिंकलं की घराघरात चिंगडी शिजते आणि त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बेंगॉल जिंकला की हिलसा मासा. लोक म्हणतात, कोण जिंकलं हे माशांच्या भावावरून कळतं! दादूंनी चिंगडी आजींच्या हाती दिली आणि भाच्याकडे बघून डोळा मिचकावला. भाचा बिचारा शाकाहारी असल्यासारखा दुसरीकडे बघू लागला.

आता तिकिटांचा घोळ ऐका. मुंबईहून आलेले मूठभर पाठीराखे एका वेगळ्या कोपऱ्यात बसणार होते. आमची तिकिटं मात्र दादूंनी त्यांच्या शेजारची काढली होती. म्हणजे आम्ही बसणार थेट मोहन बागानच्या गर्दीत! भाच्याने आकाशी निळा सदरा आतून घातला आणि वरून शाळेचा पांढरा शर्ट. मे महिन्यात दोन शर्ट! त्याच आठवड्यात कोलकात्यात पारा ४३ अंशांवर गेला होता. पण तो ऐकेना.

सॉल्ट लेकच्या त्या स्टेडियमचं पूर्ण नाव विवेकानंद युवा भारती क्रीडांगण. १९८४ साली उघडलेलं. १९९७ मध्ये मोहन बागान विरुद्ध ईस्ट बेंगॉल हा सामना बघायला इथे एक लाख एकतीस हजारांहून जास्त माणसं आली होती. पुढे नव्या खुर्च्या बसवल्या, जागा कमी झाल्या. तरीही त्या संध्याकाळी साठ हजारांवर प्रेक्षक होते. अंधेरीच्या आपल्या मैदानात दहा हजारही मावत नाहीत. चारी बाजूंना हिरवा आणि तांबूस रंग. झेंडे, ढोल, आणि 'जय मोहन बागान'चा गजर असा, की छातीत धडधडतं. पलीकडे दूर एक निळा ठिपका दिसला. तेच आपले लोक.

"मावशी, एवढेच?" भाचा म्हणाला.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात लक्षात आलं, की मुंबई घाबरलेली नाही. चेंडू आपल्याकडे जास्त. छांगतेने मारलेला एक चेंडू गोलच्या चौकटीवर आदळून परत आला. माझ्या दंडात भाच्याची नखं रुतली, पण तोंडातून आवाज नाही. मध्यंतराला मिनिटभर बाकी असताना पेट्राटोसचा लांबून जोरकस फटका आला. आपला गोलरक्षक फुर्बा लाचेंपा याने तो अडवला, पण चेंडू हातातून निसटला आणि कमिंग्सने तो आत ढकलला. ०-१. साठ हजार माणसं एकदम उठली. आम्ही दोघंच बसून राहिलो. समोर फक्त पाठी दिसत होत्या. भाचा पुटपुटला, "असा चेंडू धरणं अवघड असतं." गोलरक्षकाचं दुःख गोलरक्षकालाच ठाऊक!

उत्तरार्धात आठच मिनिटं झाली होती. नोगेराने पुढे चेंडू दिला, परेरा दियाझ बचावपटूंना मागे टाकून धावला आणि त्याने चेंडू जाळ्यात धाडला. १-१. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदाच ते ऐकलं. साठ हजार माणसांचं गप्प होणं. ढोल थांबला. खेळाडू एकमेकांना हाका मारत होते, त्या वरपर्यंत ऐकू येत होत्या. पलीकडच्या कोपऱ्यातला तो निळा ठिपका उड्या मारत होता, त्यांचा बारीक आवाज सबंध मैदान ओलांडून आला. पाहुण्या संघाच्या पाठीराख्याला ती शांतता म्हणजे टाळ्यांचा कडकडाट वाटतो, खरंच सांगते!

एक्याऐंशीव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला. २-१. हाच बिपिन! २०२१ मध्ये मुंबईने पहिल्यांदा चषक जिंकला, तो गोव्यात, अंतिम सामन्यात मोहन बागानलाच हरवून. तेव्हाही नव्वदाव्या मिनिटाचा विजयी गोल याचाच होता. पण करोनामुळे त्या वेळी स्टेडियम रिकामं होतं, टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं. ती राहिलेली टाळी आमच्या भाच्याने आता वाजवली. तो खुर्चीवर उभा राहिला, पांढऱ्या शर्टाची दोन बटणं तुटली आणि आतला निळा रंग बाहेर आला. "गोऽऽल!"

आजूबाजूच्या शंभर माना वळल्या. माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या रांगेतला एक दांडगा तरुण उठून उभा राहिला. कुणी काही बोलायच्या आत दादूंनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ओ आमार नाती. मुंबई थेके एशेछे." हा माझा नातू, मुंबईहून आलाय. तो तरुण क्षणभर बघत राहिला. मग त्याने भाच्याच्या डोक्यावर हलकी टप्पल मारली आणि डोकं धरून खाली बसला.

भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला वोयतुसने तिसरा गोल केला तेव्हा बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. दादू उठले नाहीत. कप्तान राहुल भेके याने चषक उचलला. हा भेके मुंबईतच जन्मलेला. २०२२ मध्ये रियाधला इराकच्या वायुदल संघाविरुद्ध विजयी गोल करणारा हाच. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय होता. चषक वर गेला आणि दादूंनी दोन टाळ्या वाजवल्या. मोजून दोनच. तेवढ्याही त्यांना जड गेल्या असणार.

घरी पोचायला मध्यरात्र झाली. रस्ताभर दादू गप्प. भाचासुद्धा गप्प, निळा सदरा त्याने पुन्हा झाकून घेतला होता. दार उघडलं आणि आजींनी नवऱ्याला विचारलं, की चिंगडीचं काय करायचं? हरल्यावर कुणी ती शिजवत नाही. दादू बूट काढत होते. मान वर न करता ते मराठीत म्हणाले, "गिरगावच्या बाई मोहन बागानच्या नव्हत्या." मग आजींना बंगालीत काहीतरी सांगितलं. आजींनी नारळाचं दूध काढायला घेतलं. रात्री एक वाजता आम्ही चौघं चिंगडीची मलाई करी आणि भात जेवलो. भाच्याने तीन वेळा भात घेतला. दादूंनीही घेतला, जरा हळू.

रविवारी सकाळी दादू आम्हांला मैदान भागात घेऊन गेले. हुगळीच्या काठी, फोर्ट विल्यमच्या बाजूला पसरलेला हा मोकळा माळ. मोहन बागान, ईस्ट बेंगॉल आणि मोहमेडन स्पोर्टिंग, तिन्ही क्लबांची जुनी मैदानं इथे जवळजवळच आहेत. एकमेकांचे एवढे वैरी आणि घरं शेजारी शेजारी! भाच्याने आज निळा सदरा वरूनच घातला होता. मोहन बागानच्या फाटकापाशी चहावाल्याने त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि मग चहाचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मुंबईचा अपुइया मोहन बागानमध्ये गेला आणि भेके बंगळूरूला. १२ एप्रिल २०२५ ला सॉल्ट लेकवरच मोहन बागानने भेकेच्या बंगळूरूला २-१ असं हरवून चषक जिंकला. त्या रात्री अकराच्या पुढे आमचा फोन वाजला. दादूच होते. भाच्याला म्हणाले, "बाजारात चिंगडी फार महाग होणार बघ. तुझ्या वाटची ठेवू का?"